गच्चीवरची डबकी आणि झाडावरचं दगडफूल: डोंगरावर पडणारा हवेतला नायट्रोजन कसा मोजायचा

सावजीच्या मसाल्यात पडणारं दगडफूल एकदा नीट हातात घेऊन बघा. वरून राखाडी-हिरवट, खालून काळं, चुरगळलेल्या कागदासारखं. त्याला मूळ नाही. फूल तर ते नाहीच, वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. मूळ नाही म्हणजे मातीशी देणंघेणं नाही, खायचं-प्यायचं ते सगळं हवेतून आणि पावसातून. त्यामुळे डोंगरावरच्या हवेत नायट्रोजन वाढला की ते पहिल्यांदा दगडफुलाला कळतं. सागाला फार उशिरा कळतं आणि वाघाला तर कळतच नाही.

हा लेख नागपुरात राहून सातपुड्याच्या जंगलांची काळजी असणाऱ्यांसाठी आहे: निसर्गमंडळं, कॉलेजातली मुलं, सुटीच्या दिवशी चिखलदरा-पेंचला जाणारी माणसं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर गच्चीवर डबकीत, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या कॅनमध्ये, पावसाचं पाणी गोळा करायचा नाद लागला. त्यात केलेल्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मुळात भानगड काय आहे

नेहमीचा प्रश्न असा: "सर, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, मग आणखी थोडा आला तर काय बिघडलं?" हवेतला तो नायट्रोजन कुलूपबंद असतो. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की झाडांना त्याचा काही उपयोग नाही. प्रश्न कुलूप उघडलेल्या नायट्रोजनचा आहे, आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट जाळण्याची. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरचे कोळशावरचे वीजसंच, महामार्गावरचे ट्रक, उन्हाळ्यात पेटवलेले धुरे आणि पऱ्हाट्या यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. दुसरी वाट शेताची. वरून फेकलेला युरिया, शेणखताचे उकिरडे, जनावरांचं मूत यांतून अमोनिया उडतो. हे सगळं हवेत मिसळतं, वाऱ्याबरोबर जातं आणि पावसात विरघळून किंवा कोरड्या धुळीसोबत खाली बसतं. विजा चमकल्यानेही थोडा नायट्रोजन मोकळा होतो, पण तो जंगलाच्या हिशेबात पहिल्यापासून धरलेला आहे.

म्हणजे जंगलाला आपण नकळत खत घालतो आहोत. शेतकऱ्याला हे लगेच पटतं. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २०.७ किलो. कपाशीला ते हवंच असतं. डोंगरमाथ्यावरची झाडोरा-गवतं मात्र पिढ्यान्‌पिढ्या काटकसरीत वाढलेली असतात. कासच्या सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) दवबिंदू, म्हणजे एक कीटकभक्षी रोप, किडे खातो तो हौस म्हणून खात नाही, त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो म्हणून खातो. अशा ठिकाणी खत पडलं की काटकसरी मागे पडतात आणि खादाड पुढे येतात. गोठ्याच्या मागे काटेमाठ कसा माजतो ते आठवा.

हे किती कमी खतात घडतं ते सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या लॉक व्हेल नावाच्या खोऱ्यात १९८३ पासून पावसाचं, बर्फाचं आणि तळ्यांचं पाणी सतत तपासलं जातं. खाली मैदानात डेन्व्हरसारखी शहरं, मक्याची शेतं आणि हजारो जनावरांचे गोठे आहेत, आणि पूर्वेकडचा वारा सुटला की ती हवा डोंगर चढते. तळ्याच्या गाळात थरावर थर साचलेल्या सूक्ष्म शैवालांच्या जाती विसाव्या शतकाच्या मध्यापासून बदललेल्या दिसल्या. त्यावरून या उद्यानाची सोसण्याची मर्यादा ठरली: पावसाबर्फातून हेक्टरी वर्षाला १.५ किलो नायट्रोजन. युरियाच्या भाषेत, अडीच एकरात वर्षभरात सव्वातीन किलो. एवढा युरिया आपल्याकडे बॅग रिकामी करताना कोपऱ्यात राहून जातो! प्रत्यक्षात तिथे याच्या दुपटीच्या आसपास पडत होता. २०३२ पर्यंत तो मर्यादेत आणायचं असं २००७ मध्ये ठरलं.

सातपुड्याला हा १.५ चा आकडा लावू नका. ते बर्फाळ, ग्रॅनाइटी, हाडकुळ्या मातीचे डोंगर आहेत. आपलं जंगल पानगळीचं आहे आणि त्याची मर्यादा वेगळी असणार. तिथून घ्यायची ती मोजण्याची पद्धत.

पायरी पहिली: आकडे आधीच आहेत, ते वाचायला शिका

काही विकत घेण्याआधी महिनाभर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नागपूरची केंद्रं बघा. सिव्हिल लाइन्सचं जीपीओसमोरचं, अंबाझरीचं, महालचं. 'समीर' ॲपवर हवेच्या निर्देशांकाचा एकच आकडा दिसतो आणि तिथेच फसगत होते. निर्देशांक सगळ्यात वाईट घटकावर ठरतो. नागपुरात तो बहुतेक वेळा धुळीवर ठरतो, त्यामुळे अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्याच्या आड लपून राहतात. म्हणून निर्देशांक सोडा, घटकांची तासातासाची यादी उतरवून घ्या.

आता या आकड्यांची तुलना कशाशी करायची? २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार अमोनियाची वार्षिक सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. ही मर्यादा आपल्या फुप्फुसांकडे बघून ठेवलेली आहे. युरोपात दगडफूल आणि शेवाळ्यांसाठी जी मर्यादा मानतात ती १ मायक्रोग्रॅम आहे. १०० आणि १! मोठ्या झाडाझुडपांसाठीसुद्धा ३ च्या आसपास. त्यामुळे एखाद्या अहवालात "अमोनिया मर्यादेत आहे" असं वाचलं की विचारा, कोणाच्या मर्यादेत?

पायरी दुसरी: डबकी मांडणे

साहित्य साधं आहे. पाच लिटरची पांढरी प्लास्टिकची डबकी, २० सेंटिमीटर व्यासाचं प्लास्टिकचं चाडं (नरसाळं), चाड्याच्या नळीत बसेल असा नायलॉनच्या जाळीचा तुकडा, डबकीला गुंडाळायला काळं कापड. उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं आणि तेच नायट्रोजन खाऊन टाकतं, म्हणून ते कापड. लोखंडी किंवा पत्र्याचं काहीही नको.

पाच लिटरच का? २० सेंटिमीटरच्या चाड्याचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी. आपल्याकडे एका रात्रीत १०० मिलिमीटरही पडतो. लिटरभराची बाटली ठेवली तर निम्म्याहून जास्त पाऊस वाहून जाईल आणि हिशेब मोडेल.

चाड्याचं तोंड जमिनीपासून किंवा गच्चीपासून कमरेच्या वर असावं, म्हणजे खालचे शिंतोडे उडत नाहीत. जवळ टाकी किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. कबुतरं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. त्यांच्या विष्ठेत नायट्रोजन ठासून भरलेला असतो, एका थेंबाने महिन्याचं पाणी वाया जातं. चाड्याच्या कडेभोवती प्लास्टिकच्या केबल-टायची टोकं उभी राहतील अशी बांधा, म्हणजे पक्ष्याला बसता येत नाही. तरी शंका आली तर त्या नमुन्यात फॉस्फेट तपासून घ्या. ते चढं आलं तर नमुना बाद.

धुणं फक्त डिस्टिल्ड वॉटरने. साबण नाही, राख नाही, नळाचं पाणी नाही. चिखलदऱ्याला ओळखीच्या घरी मी एक डबकी ठेवली होती. तिथल्या वहिनी मनाने अतिशय चांगल्या. श्रावण संपता संपता फोन आला, "भाऊ, तुमची डबकी लय खराब झाली होती जी, चकचकीत घासून ठेवली." पुढच्या तीन आठवड्यांचं पाणी मी तुळशीला घातलं. आता प्रत्येक डबकीवर चिठ्ठी असते: 'धुऊ नये'.

दर आठवड्याला, मोठ्या पावसात दर दिवसाला, पाणी मोजून स्वच्छ बाटलीत भरा. बाटलीवर तारीख, मिलिलिटर आणि जागा लिहा. ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर उत्तम. डोंगरावर वीज जाते, तिथे चिमूटभर थायमॉल घाला, म्हणजे पाण्यातले जंतू नायट्रोजन खात नाहीत. थायमॉल म्हणजे ओव्याचं फूल, अमृतधारेत कापराबरोबर असतं तेच. पावसाच्या पाण्याच्या शास्त्रीय नोंदींतही हेच वापरतात.

आणि एक नमुना कोरा ठेवा. कोरड्या दिवशी चाड्यातून डिस्टिल्ड वॉटर ओतून ते बाटलीत भरा आणि बाकीच्यांबरोबरच तपासायला द्या. त्यात जे निघेल ते तुमच्या भांड्याचं, आभाळाचं नाही.

पायरी तिसरी: प्रयोगशाळेशी बोलणे

माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या नायट्रेटच्या किटचा मोह आवरा. त्याच्या रंगपट्टीवर शून्यानंतरचा पहिला घर ५ मिग्रॅचा असतो आणि पावसाच्या पाण्यात बहुधा त्याहून कमी असतं. आंबटपणा दाखवणाऱ्या पीएच पेपरवरही विसंबू नका. स्वच्छ पावसाचा पीएच ५.६ च्या जवळ असतो, पण आपल्याकडची चुनखडी धूळ आम्ल मारून टाकते. कागद छान रंग दाखवतो आणि नायट्रोजन आत तसाच असतो.

पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी पहिले सहा नमुने दिले. सहाही अहवालांत एकच शेरा: 'मोजमापाच्या मर्यादेखाली'. चूक त्यांची नव्हती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिग्रॅपर्यंत चालतं, त्यांचं सगळं काम त्या पट्ट्यातलं. मीच आधी विचारलं नव्हतं. तुम्ही तीन गोष्टी विचारा. आयन क्रोमॅटोग्राफी (पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करून मोजायची पद्धत) आहे का? कमीत कमी किती मोजता? आणि अहवालात 'नायट्रेट म्हणून' लिहिता की 'नायट्रोजन म्हणून'? तिसऱ्या प्रश्नात ४.४ पटींचा फरक लपलेला आहे. जाळण्याच्या वाटेचा नायट्रोजन पावसात नायट्रेट म्हणून येतो, शेताच्या वाटेचा अमोनिया विरघळून अमोनियम म्हणून; दोन्ही तपासून घ्या. शेतीच्या मुलखात अमोनियमचा वाटा नायट्रेटइतका किंवा जास्तही निघू शकतो.

पायरी चौथी: हिशेब

नायट्रेटच्या आकड्याला ०.२२६ ने गुणा, अमोनियमच्या आकड्याला ०.७७८ ने. दोन्हींची बेरीज म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम नायट्रोजन. तिला पावसाच्या मिलिमीटरने गुणून १०० ने भागा, हेक्टरी किलो मिळतात.

समजा, नायट्रेट १.५ आणि अमोनियम ०.६ आलं. ०.३४ अधिक ०.४७, म्हणजे ०.८१. पाऊस १००० मिलिमीटर धरला तर हेक्टरी ८.१ किलो नायट्रोजन. युरियात सांगायचं तर एकराला सात किलोच्या आसपास. हे आकडे पद्धत दाखवायला घेतलेले आहेत, नागपूरचे म्हणून कुठे छापू नका.

इथे एक ठेच ठरलेली. आठवड्यांच्या आकड्यांची साधी सरासरी काढायची नाही. पहिल्या झडीत हवेतली सगळी घाण धुऊन येते, म्हणून थोड्या पावसात प्रमाण चढं असतं. समजा ५ मिलिमीटरच्या पावसात ३ मिग्रॅ आलं आणि ९५ मिलिमीटरच्या पावसात ०.४. साधी सरासरी १.७. पावसाच्या वजनाने काढलेली सरासरी ०.५३. तिपटीहून जास्त फरक! प्रत्येक आठवड्याचा गुणाकार आधी करा, बेरीज मग.

उघडी डबकी कोरडी धूळ थोडीच पकडते आणि वायू तर जवळजवळ पकडतच नाही. वर्षाचे सात-आठ महिने कोरडे असणाऱ्या विदर्भात ही मोठी उणीव आहे. म्हणून आपला आकडा म्हणजे 'कमीत कमी एवढा तरी', असं लिहायचं. झाडाखाली दुसरी डबकी ठेवली तर पानांवर साचलेलं धुऊन येतं आणि फरक दिसतो. पण पानं स्वतःही थोडा नायट्रोजन शोषतात, थोडा सोडतात, त्यामुळे ती दुसऱ्या वर्षी करायची गोष्ट.

पायरी पाचवी: डोंगर निवडणे

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. दोन्हीकडे डबकी ठेवली तर चांगलंच. डोंगरावर पाऊस जास्त आणि वर ढग-धुकं झाडांना चाटून जातं. धुक्याच्या बारीक थेंबांत प्रदूषण पावसापेक्षा दाट असतं. म्हणून मैदानातल्यापेक्षा हवा स्वच्छ असूनही माथ्यावर नायट्रोजन जास्त उतरू शकतो.

मात्र मेळघाटात जे सापडेल ते नागपूरच्या माथी मारायची घाई करू नका. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. तेव्हा मेळघाटावर येणारी हवा नागपूरची नसते. पायथ्याशी अकोट, अचलपूर, परतवाड्याकडची कपाशी आणि संत्र्याचे बगीचे आहेत, पहिला संशय तिथल्या युरियावर जायला हवा. हिवाळ्यात वारे फिरतात, तेव्हा गोष्ट वेगळी. नोंदवहीत वाऱ्याच्या दिशेचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

खडकही बघा. मेळघाट काळ्या बेसॉल्टवर आहे. त्यातला चुना-मॅग्नेशियम आम्ल पचवून टाकतं, म्हणून तिथे माती आंबट होण्यापेक्षा खताचा परिणाम आधी दिसेल: गवताच्या जाती बदलणं, रस्त्याकडेला गाजर गवत आणि रायमुनियाचा (घाणेरीचा) जोर. पचमढी वालुकाश्मावर आहे. ती माती कमी पचवते, तिथे आंबटपणाकडेही लक्ष हवं. अर्थात रायमुनिया दिसला की नायट्रोजन, असं समीकरण मांडू नका. चराई, वणवे, रस्ते ही कारणं त्याला पुरेशी आहेत.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. आत डबकी ठेवणं, माती उचलणं, सालीचा तुकडा काढणं परवानगीशिवाय चालत नाही. वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला वनभवनात आहे. हा एक फायदा आपल्याला आयता मिळाला आहे. संशोधनाचा अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच द्या. तोवर चिखलदरा गावातल्या एखाद्या घराची गच्ची चालते.

पायरी सहावी: दगडफुलाची हजेरी

पाण्याला प्रयोगशाळा लागते, याला फक्त डोळे. मला हाच भाग सगळ्यात आवडतो.

एकाच जातीची दहा झाडं निवडा. मी आंबा घेतो. साल खडबडीत आणि टिकणारी, आणि तो पायथ्याच्या गावातही असतो, वर चिखलदऱ्यातही. सागाची साल सुटते, तो नको. बुंधा सरळ हवा आणि त्यावर चुना-गेरूचे पट्टे नकोत. चुन्याने सालीचा पीएच बदलतो आणि दगडफूल हवेची नाही, रंगाऱ्याची हकीकत सांगू लागतं.

तारेची एक शिडी करा, १० सेंटिमीटरचे पाच चौकोन एकाखाली एक. ती जमिनीपासून मीटरभर वर, बुंध्याच्या चारही बाजूंना एकेकदा लावा. प्रत्येक रूप किती चौकोनांत आहे तेवढं लिहा. जाती ओळखता आल्या नाहीत तरी रूपं ओळखता येतात: सालीला चिकटलेली खपली, कडा सुटलेलं पान आणि लोंबती दाढी. दाढीवालं सगळ्यात नाजूक. अमोनियाने साल अल्कधर्मी होते, तेव्हा दाढी आधी जाते आणि नायट्रोजन मानवणाऱ्या काही पानट जाती पसरतात. मापपट्टी धरून फोटो काढा. खरवडू नका, नखाएवढं दगडफूल वाढायला बरीच वर्षं गेलेली असतात.

नागपूर विरुद्ध चिखलदरा अशी तुलना इथे मोहात पाडते, पण ती फसवी आहे. मे महिन्यातल्या ४५ अंशांत नागपूरच्या झाडांवर दगडफूल हवा कितीही स्वच्छ असली तरी कमीच दिसेल. तुलना एकाच उंचीवर करा: गोठ्याजवळचा आंबा, गोठ्यापासून शंभर मीटरवरचा, पाचशे मीटरवरचा. गेल्या हिवाळ्यात एका वाडीत गोठ्याच्या भिंतीलगतच्या आंब्यावर फक्त पिवळट-राखाडी पानट थर होता, आणि नाल्यापलीकडच्या आंब्याला बोटभर दाढी लोंबत होती. मध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर.

आकडे हातात आल्यावर

कोलोरॅडोत शेतकऱ्यांशी भांडण करून काही साधलं नसतं. तिथे हवामानाचा अंदाज बघून गोठेवाल्यांना आगाऊ निरोप जातो की अमुक दिवशी वारा डोंगराकडे आहे, खत पसरायचं आणि गोठा उकरायचं काम तेवढं पुढे ढकला. आपल्याकडे हे व्हॉट्सॲपवर होऊ शकतं. युरियाचं म्हणाल तर तो ओल्या जमिनीवर उन्हात फेकला की त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो. शेतकऱ्याचेच पैसे जातात. तो मातीआड करा किंवा टाकल्याबरोबर हलकं पाणी द्या, हे पटवायला जंगलाचं नावसुद्धा काढावं लागत नाही. वीजसंचांचं काम गच्चीवरून होणारं नाही. तिथे जनसुनावणीत तुमच्या तीन वर्षांच्या तक्त्याला किंमत असते, एका वर्षाच्या तक्त्याला "यंदा पाऊस कमी होता" एवढं उत्तर पुरतं.

वनभवनात तक्ता देताना कोऱ्या नमुन्याचे आकडे आणि बाद केलेल्या आठवड्यांची कारणं त्याच पानावर लिहा. माझ्या वहीत एका ओळीत 'कबूतर' आहे आणि सलग तीन ओळींत 'वहिनी'.